एक्केचाळीस लाखांचा मिस्त्री

पांढरकवड्याच्या बायपासला, नागपूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक जिथे वेग कमी करतात, तिथे अय्यूब मिस्त्रीचं टिनाचं शेड आहे. शेडला पाटी नाही. एकदा लावली होती, पण रिव्हर्स घेणाऱ्या एका ट्रकनं ती आदिलाबादपर्यंत नेली. पाटी गेल्यावरही गिऱ्हाईक तेवढंच येतंय म्हटल्यावर मिस्त्रीनं पुन्हा रंगाचा खर्च केला नाही.

मिस्त्री बावन्न वर्षांचा. त्यातली छत्तीस वर्षं ट्रकखाली गेली, त्यामुळे बायपासवरचे लोक त्याला चेहऱ्यापेक्षा पायांवरून जास्त ओळखतात. ट्रकखालून दोन पाय दिसले आणि डाव्या चपलेला तांब्याच्या तारेचा अंगठा असला की समजावं, मिस्त्री घरी आहे. आवाजावरून तो गाडीचं दुखणं सांगतो. एकदा तर त्यानं नमाजाहून परत येताना, रस्त्याच्या पलीकडूनच, एका ड्रायव्हरला ओरडून सांगितलं होतं, "अरे, कमानीच्या तिसऱ्या पट्टीचा बोल्ट गेला तुह्या!" आणि बोल्ट खरोखरच गेलेला होता.

या रस्त्यावर एक जुनी रीत आहे. ट्रकचा मालक बसलेला असतो करीमनगरला नाही तर जबलपूरला, आणि ट्रक बसतो पांढरकवड्याला. ड्रायव्हरच्या हाती मोठी रक्कम द्यायला मालकाचा जीव होत नाही. मग तो मिस्त्रीला फोन करतो, "मिस्त्रीजी, कुल कितना लगेगा?" मिस्त्री आकडा सांगतो आणि तेवढे सगळे पैसे मिस्त्रीच्या फोनवर येऊन पडतात. त्यातून क्लचप्लेट आणायची, क्रेनवाल्याला द्यायचे, टायरवाल्याला द्यायचे, ड्रायव्हर-क्लीनरला दोन दिवस जेवायला घालायचं, आणि शेवटी जे सातशे-आठशे उरतात ती मिस्त्रीची मजुरी. सामानाचं बिल ट्रकच्या नंबरानं फाडायचं, त्याचा फोटो शेठला पाठवायचा आणि कागद शेडमध्ये टांगलेल्या जुन्या क्लचवायरमध्ये खुपसायचा. वायर भरली की दुसरी वायर. छत्तीस वर्षांत एकाही शेठनं हिशेबावरून मिस्त्रीला वर तोंड करून विचारलं नाही.

तर अशा या मिस्त्रीच्या आयुष्यात गेल्या जुलैत एक कागद आला.

त्याची मुलगी माहनूर बारावीला चांगले मार्क घेऊन पास झाली आणि यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. घरात तीन दिवस ईद होती. मुलींची फी माफ होते, फक्त घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला पाहिजे, आणि तो दहा दिवसांत पाहिजे. तहसीलच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, "धंदेवाल्यांनी इन्कम टॅक्सचं रिटर्न जोडायचं, आणि तलाठ्यासमोर ओळखीच्या दोन माणसांच्या सह्या." सह्यांची चिंता नव्हती. रिटर्न म्हणजे काय, हे मात्र मिस्त्रीला रिटर्न तिकिटापलीकडे माहीत नव्हतं.

माहनूर बँकेत गेली आणि वर्षभराचं स्टेटमेंट छापून घेऊन आली. पाठपोट छापलेलं, तरी चांगलं जाडजूड. ओट्यावर बसून तिनं फोनवर बेरीज केली. मग पुन्हा केली. मग उठून पाणी प्यायली.

"अब्बू, गेल्या वर्षी तुमच्या खात्यात एक्केचाळीस लाख सव्वीस हजार आले."

मिस्त्री रॉकेलनं हात धूत होता. त्याचे हात तसेच राहिले.

"किती म्हनलं?"

"एक्केचाळीस लाख. वरून सव्वीस हजार."

मिस्त्रीनं कागद हातात घेतला. काळ्या बोटांचे ठसे उमटले, तेही त्याला शिक्क्यासारखे वाटले. आपण गरीब नाही, हे माणसाला बावन्नाव्या वर्षी अचानक समजलं तर तो काय करील? मिस्त्रीनं सगळ्यात आधी आरशात पाहिलं.

आतून हलीमाचा आवाज आला. मिस्त्रीची बायको. हिचे शब्द मोजके, पण धारेचे. "एक्केचाळीस लाख आले, अन् माह्या कुकरची शिट्टी बदलायले दोन महिन्यांपासून तुमच्याजवळ पैसे नाहीत?"

"अगं, कागद खोटं बोलते का? बँकेचा कागद हाये!"

"मंग कागदालेच सांगा दाळ शिजवायले."

पण मिस्त्री ऐकायला थांबला होताच कुठे? तो निघाला थेट घनश्यामच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि सकाळ-संध्याकाळ पुंडलिकराव. पुंडलिकरावांची वीस एकर कपाशी-तूर, एक ट्रॅक्टर, आणि मिस्त्रीशी तीस वर्षांची मैत्री. ती मैत्री मुख्यतः एकमेकांना डिवचण्यावर चालते. "मिस्त्री, तू सरकारले आजवर एक रुपया टॅक्स देल्ला का?" हा पुंडलिकरावांचा आवडता प्रश्न. "अन् तुमी देल्ला का?" असं मिस्त्री म्हणाला, की ते छाती फुगवून सांगायचे, "आमची शेती हाये, बाबू. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नसते. आमाले सरकारनंच माफ केलं. तू आपला फुकट्या!" यावर मिस्त्रीला आजवर उत्तर सुचलेलं नव्हतं. आज उत्तर हातात होतं, पाठपोट छापलेलं.

"घनश्याम, सगळ्यायले चहा दे! बिस्किटही दे!" मिस्त्रीनं दारातूनच हुकूम सोडला. "पुंडलिकभाऊ, आजपासून फुकट्या म्हणू नका. एक्केचाळीस लाखाचा धनी हाये मी. आता इन्कम टॅक्स भरनार!"

बाकड्यावरचे सगळे कागदाभोवती गोळा झाले. शेवटच्या पानावरची बेरीज प्रत्येकानं स्वतः पाहिली. घनश्यामनं गल्ल्यातला फोन काढला, कुठल्याशा पानावर एक्केचाळीस लाखांचा आकडा घातला आणि म्हणाला, "मिस्त्री, टॅक्स निघून राह्यला साडेआठ लाख."

"भरू!" मिस्त्री म्हणाला. तो इतका खुशीत होता, की 'भरू' आणि 'कुठून' या दोन शब्दांमध्ये चांगला अर्धा कप चहा गेला. "...पण कुठून?"

पुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. "मिस्त्री, एक गोष्ट सांग. तलाठ्यासमोर तुह्या उत्पन्नाच्या दाखल्यावर सही मलेच करायची हाये ना? आठ लाखाच्या आत म्हणून?"

"हो ना, भाऊ. परवा."

"मंग आता मी कशी करू? तूच साऱ्या गावासमोर एक्केचाळीस सांगून राह्यला. मी लग्न जुळवतानाही खोटी साक्ष देल्ली नाही, रे. हा कागद मी डोयानं पाह्यला."

मिस्त्रीच्या हातातलं बिस्किट चहात पडलं ते पडलंच. एक्केचाळीस लाख असतील, तर माहनूरची फी माफ होणार नाही. फी माफ झाली नाही, तर ती भरायला एक्केचाळीस लाख नाहीत. हे कसलं गणित?

घरी हा निरोप मिस्त्रीच्या आधी पोहोचला होता. माहनूर ओट्यावर बसलेली. हलीमानं बिनशिट्टीचा कुकर गॅसवर आदळला. शेवटी माहनूरच उठली. "अब्बू, रडून राह्यली नाही मी. धम्मरत्न सरांकडे चला. ते टॅक्सचंच काम करतात."

धम्मरत्न हा बत्तीस वर्षांचा करसल्लागार. गाव त्याला वकील म्हणतं आणि तो दुरुस्त करायचा कंटाळा करतो. खत-बियाण्यांच्या दुकानावर त्याचं ऑफिस, त्यामुळे त्याच्याकडे जाऊन आलेल्या माणसाला युरियाचा वास येतो. मिस्त्री, माहनूर आणि, "मी फक्त खरं काय ते पाहायले येतो," म्हणत पुंडलिकराव, असे तिघं जिना चढून वर गेले.

धम्मरत्ननं स्टेटमेंट पाहिलं. पहिल्याच पानावर त्यानं बोट ठेवलं. "चाचा, चार तारखेला बावीस हजार आले करीमनगरहून. त्याच दिवशी चौदा हजार तीनशे गेले सामानाच्या दुकानात. तीन हजार क्रेनला. मग टायरवाला, मग धाबा. यातले तुमचे किती?"

"आठशे. गिअरबॉक्स उतरवला होता."

"मग बावीस हजार तुमचे कसे?"

"माह्या फोनवर आले ना!"

धम्मरत्न खुर्चीत मागे टेकला. "चाचा, तुमच्या घरी पाहुणा येतो. जेवतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी जातो. त्याचं नाव तुम्ही रेशन कार्डावर चढवता का?"

"कायले चढवू? तो काय घरचा हाये?"

"हे पैसेही तसेच. आले, बसले, गेले. पाहुणे. उत्पन्न म्हणजे कोण? जो घरचा आहे तो. तुमची मजुरी. बाकीच्यांना रेशन कार्डावर चढवून तुम्ही आख्ख्या गावाला सांगून आलात, की माझ्या घरी चाळीस माणसं राहतात."

मिस्त्रीचे डोळे मोठे झाले. गाडीच्या आवाजातून नेमका बोल्ट सापडावा, तसं त्याला काहीतरी सापडलं होतं. "म्हणजे पैसा माह्या हातातून गेला, पण माह्या नव्हता!"

"बरोबर. फक्त ते दाखवता आलं पाहिजे. कोणी विचारलं तर पाहुणा कोणाचा, कुठून आला, कुठे गेला, याचा कागद लागेल. बिलं असतील का?"

मिस्त्री आणि माहनूरनं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं एकदमच हसले.

रविवारी सकाळी अय्यूब मिस्त्रीच्या अंगणात गेल्या वर्षाच्या चार क्लचवायरी आल्या. त्यांच्यावर खुपसलेले कागद मिरच्यांच्या माळेसारखे दाटीवाटीनं बसलेले, काळे, तेलकट, काहींना ग्रीसचा असा लेप की शंभर वर्षं वाळवी लागणार नाही. चादर पसरली. माहनूर स्टेटमेंटमधली तारीख वाचायची, मिस्त्री बिल काढायचा, धम्मरत्न लॅपटॉपवर टिपायचा आणि पुंडलिकराव साक्षीदार म्हणून प्रत्येक ट्रकचा नंबर मोठ्यानं वाचायचे, जणू लग्नात आहेर सांगताहेत.

"एपी झीरो वन... चोवीस हजार! कोणाचे?"

"पाहुणे!" मिस्त्री ओरडायचा.

"एमपी वीस... नऊ हजार आठशे!"

"पाहुणे! त्यातले सातशे घरचे."

अकरा वाजेपर्यंत शेजारपाजारचे लोक कुंपणाशी उभे राहून 'पाहुणे, पाहुणे' ओरडू लागले. हलीमानं दोनदा चहा केला, आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, "इतके पाहुणे आले, पण साखर काहून नाई आनली कोणी?"

मध्येच धम्मरत्ननं विचारलं, "चाचा, रोखीनं किती मिळाले? जे या कागदावर नाहीत?"

रोख देणारे म्हणजे आसपासचे ट्रॅक्टरवाले. पुंडलिकराव आभाळाकडे पाहू लागले. मिस्त्रीनं माहनूरकडे पाहिलं. कोणाला कळणार होतं? पण ज्या माणसानं छत्तीस वर्षं परक्या शेठच्या पैशांचा पै-पैचा हिशेब दिला, त्याला सरकार म्हणजे आणखी एक लांब बसलेला शेठच वाटला.

"बेचाळीस हजार लिहा," तो म्हणाला. "अन् पुंडलिकभाऊच्या हायड्रॉलिकचे चौदाशे अजून यायचेच हायेत. ते यंदाच्यात येतीन का?"

"दिले तर येतील," धम्मरत्न गंभीरपणे म्हणाला. पुंडलिकरावांनी खिशातून चौदाशे काढले, आणि मित्राच्या हातात न देता माहनूरच्या हातात ठेवले. "घे, बेटा. तुह्या बाप नाही तर टॅक्समध्ये माह्यं नाव टाकील."

दुपारी हिशेब जुळला. पाहुणे पस्तीस लाख पंचावन्न हजार आणि वर दोनशे. घरचे, म्हणजे रोखीसह मजुरी आणि एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गाड्यांचं वर्षाचं काम मिळून सहा लाख सोळा हजार. त्यातून शेडचं भाडं, वीज, वेल्डिंगच्या कांड्या, गॅस, ग्रीस वजा. उरले चार लाख अडतीस हजार.

"चार लाखांपर्यंत कर नाही," धम्मरत्न म्हणाला.

मिस्त्री दचकला. "पण मी तर वर गेलो! आता सगळ्या चार लाख अडतीस हजारावर लागन?"

"चाचा, रेडिएटर भरला की वरून जे सांडतं, त्याच्याखाली तुम्ही पातेलं ठेवता ना? कर तेवढ्या पातेल्यातल्या पाण्यावर. अडतीस हजारांवर पाच टक्के, एकोणीसशे. आणि तुमचं एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे, म्हणून तेही माफ. तुमचा कर शून्य."

खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मिस्त्रीचा चेहरा उतरला. सकाळपासून तो आतून फुलून आला होता, की दाखलाही मिळेल आणि थोडा तरी कर भरायलाही मिळेल. पुंडलिकरावांकडे न पाहता तो पुटपुटला, "म्हणजे फुकट्याच."

"थांबा," माहनूर म्हणाली. तिनं ओट्यावरून साबण आणला, मिस्त्रीच्या खिशातून फोन काढला आणि शेडमधलं ग्रीसचं बिल पुढं केलं. "सर, याच्यावर?"

धम्मरत्न हसला. "साबणावर जीएसटी. ग्रीसवर अठरा टक्के. चाचा, परवाचा रिचार्ज दोनशे नव्व्याण्णवचा ना? त्यात पंचेचाळीस रुपये कर होता. पेट्रोल भरता त्यात केंद्राचाही आहे, राज्याचाही. इन्कम टॅक्स कमाईवर असतो, हा खर्चावर. हा कोणालाच माफ नाही. तुम्ही रोज भरताय."

"रोज?"

"दात घासल्यापासून."

मिस्त्री ताडकन उभाच राहिला. "पुंडलिकभाऊ! ऐकलं का? छत्तीस वर्षांपासून हात धुवून राह्यलो मी! दिवसातून चार वेळा! माह्याइतका साबण या तालुक्यात कोणाले लागते?"

"अरे, मग मीही भरतो," पुंडलिकरावांच्या एकदम लक्षात आलं, आणि त्यांचाही चेहरा उजळला. "खताच्या पोत्यावरही असन ना, धम्मरत्न?"

"आहे, काका."

दोघं म्हातारे होत आलेले मित्र अंगणात उभे राहून आपण कशाकशावर कर भरतो, ते एकमेकांना हरवायच्या आवेशानं सांगू लागले. चपला! बिडी! ट्रॅक्टरचं टायर! कुकरची शिट्टी! "ती अजून घेतली कुठं?" हलीमा आतून म्हणाली.

तेवढ्यात धम्मरत्ननं लॅपटॉपवर आणखी काहीतरी पाहिलं. "चाचा, त्या ट्रान्सपोर्ट कंपनीनं तुमचे पैसे देताना शंभरातला एक रुपया कापला होता. तीन हजार दोनशे."

"कंपनीनं कायले? त्यायच्या हिशेबवाल्या मुनशीनं खाल्ले," मिस्त्री म्हणाला. "मी वर्षभर त्याले चहा नाही पाजला."

"मुनशीनं नाही खाल्ले. तुमच्या नावानं सरकारकडे जमा केले. आगाऊ कर. हे बघा, तुमच्या पॅनकार्डासमोर दिसतायत. आता तुमचा कर शून्य निघाला, म्हणजे सरकार हे तुम्हाला परत करणार."

मिस्त्री खाली बसला. "सरकार. मले. पैसे परत."

"थेट खात्यात. थोडे दिवस लागतील."

"अन् हे तीन हजार दोनशे," मिस्त्रीनं अगदी जपून विचारलं, "पाहुणे का घरचे?"

"घरचेच, चाचा. दूर कामाला गेले होते, परत येतायत."

त्याच दुपारी रिटर्न भरलं गेलं. फोनवर आलेला ओटीपीचा नंबर सांगताना मिस्त्रीचा आवाज इतका चढला, की कुंपणाबाहेरच्यांनाही तो पाठ झाला असता. माहनूरनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. सोमवारी तलाठ्यासमोर पुंडलिकरावांनी पेन हातात घेतलं. सही करण्याआधी घसा खाकरून म्हणाले, "साहेब, मी चार क्लचवायरी स्वतः वाचल्या आहेत." तलाठ्याला काही समजलं नाही. सही मात्र ठसठशीत झाली.

दाखला आठव्या दिवशी मिळाला आणि नवव्या दिवशी माहनूर त्याच्यासह यवतमाळच्या एसटीत बसली. दहाव्या दिवशी तिचा फोन आला. मिस्त्री ट्रकखाली होता. तारेच्या अंगठ्याची चपल आधी हलली, मग मिस्त्री बाहेर आला. "अब्बू, झाली ॲडमिशन. फी माफ. पावती मिळाली." त्यानं फोन समोरच्या ड्रायव्हरच्या कानाला लावला आणि म्हणाला, "तूही ऐक."

मग त्यानं त्या कंपनीच्या मुनशीला हॉटेलात बोलावलं. मुनशी वर्षभराच्या अबोल्यानंतर बिचकतच आला. मिस्त्रीनं त्याला एकापाठोपाठ तीन चहा पाजले आणि काहीही कारण सांगितलं नाही. बिल देताना तो घनश्यामला म्हणाला, "पेढे आणायचे हायेत अर्धा किलो. पण दुकानदाराले सांग, पक्कं बिल पाहिजे. पोरीच्या पेढ्यावरचा टॅक्स मी मोजून भरनार."

एवढ्यात फोन वाजला. जबलपूरचा शेठ. ट्रक वडकीजवळ उभा, क्लच गेलेला.

"मिस्त्रीजी, अठारह हजार डाल दूँ?"

"डालो, शेठ," मिस्त्री म्हणाला. "उसमें नौ सौ मेरे. बाकी तुमारे पैसे मेरे घर मेहमान हैं. खाना खिलाके भेज दूँगा."

शेठला वाटलं, मिस्त्री ड्रायव्हरच्या जेवणाबद्दल बोलतोय. तो म्हणाला, "हाँ हाँ, अच्छे से खिलाना."

पुंडलिकराव बाकड्यावर हसत सुटले. मिस्त्री मात्र गंभीर चेहऱ्यानं शेडकडे निघाला. वाटेत भांड्यांच्या दुकानात शिरून त्यानं कुकरची शिट्टी घेतली, आणि दुकानदार चिठ्ठीवर आकडा खरडू लागला तसा त्याचा हात धरला.

"बिल फाड, बाप्पा. अन् त्यातला माह्या टॅक्स किती, तो आकडा जरा मोठा लिही. घरी दाखवायचा हाये."